तत्त्वतः मान्यता मिळाली, आता पुढे काय? विद्यापीठातला मोठा निर्णय उलट्या तारखेने मोजताना

प्रश्न थोडक्यात असा: एका राज्य विद्यापीठात पुढच्या उन्हाळी सत्रापासून सगळ्या उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं घाटतं आहे. व्यवस्थापन परिषदेने तत्त्वतः मान्यता दिली आहे. आता कुलगुरू आणि कुलसचिवांनी नियोजन कोणत्या क्रमाने करावं? आणि असे निर्णय परिषदेत एकमताने मंजूर होऊनही पुढे फसतात का?

अर्धं उत्तर 'तत्त्वतः' या शब्दातच आहे. तत्त्वतः मान्यता म्हणजे कल्पना पटली, एवढंच. तिच्या जोरावर लेखाशीर्ष, म्हणजे खर्चाचं खातं, उघडत नाही, निविदा निघत नाही, परीक्षकांना आदेश देता येत नाहीत. पण इतिवृत्तात 'मान्यता' हा शब्द उमटला की सगळ्यांना वाटतं, निर्णय झाला. खरा निर्णय असतो तो तारखा, पैसे आणि माणसं यांचा, आणि तो तर अजून कुणी घेतलेलाच नसतो. मग तो एप्रिलमध्ये, परीक्षा सुरू असताना, कुणीतरी घाईने घेतं.

म्हणून नियोजन निर्णयाच्या तारखेपासून पुढे मांडू नका. जी तारीख हलवता येत नाही तिच्यापासून मागे मोजत या. परीक्षेच्या बाबतीत ती कायद्यातच दिलेली आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ हा १ मार्च २०१७ पासून लागू झाला. त्याच्या कलम ८९ प्रमाणे शेवटच्या पेपरानंतर ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करायचा आणि ४५ दिवसांत तो लावायचाच. नाही जमलं तर कारणांचा सविस्तर अहवाल कुलपती आणि राज्य शासनाला पाठवायचा. शेवटचा पेपर १५ मे रोजी असेल तर ४५ वा दिवस २९ जून. पदव्युत्तर प्रवेश, परदेशी विद्यापीठांतले प्रवेश, नोकरीसाठी लागणारी गुणपत्रिका हे सगळं त्या तारखेवर टांगलेलं असतं. ती तारीख व्यवस्थापन परिषदेच्या सोयीने सरकत नाही.

हे हलक्यात घेतल्यावर काय होतं ते मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दाखवलं. उन्हाळी परीक्षांचा हंगाम चालू असतानाच सगळ्या विद्याशाखांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं ठरलं. ४७७ परीक्षा, सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका. निकाल रखडले. कुलपती या नात्याने राज्यपाल विद्यासागर राव यांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. कुलगुरू संजय देशमुख यांना रजेवर जावं लागलं, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू देवानंद शिंदे यांच्याकडे अतिरिक्त कार्यभार आला, शेवटचे निकाल लागायला सप्टेंबर उजाडला आणि २४ ऑक्टोबर २०१७ रोजी देशमुखांना पदावरून दूर करण्यात आलं. त्या वर्षी दोष सॉफ्टवेअरला देण्याची फॅशन होती. माझ्या मते सॉफ्टवेअर हा त्यातला लहान भाग होता. साधा गुणाकार आधी कागदावर मांडला असता तरी गाडी रुळावरून घसरणार हे दिसलं असतं.

तो गुणाकार इथे मांडतो; तुमचे आकडे घालून तो करता येईल. उत्तरपत्रिका १७ लाख धरा. एक परीक्षक दिवसाला नीट लक्ष देऊन ३० तपासतो असं समजा. म्हणजे सुमारे ५६,७०० परीक्षक-दिवस. तपासणीला २५ दिवस मिळणार असतील तर रोज २,२६७ परीक्षक पडद्यासमोर बसलेले हवेत. रोज, रविवार धरून. यादीतले दहापैकी सहाच प्रत्यक्ष येतात असं धरलं, आणि सुट्टीच्या दिवसांत हा अंदाज फार निराशावादी नाही, तर यादीत ३,८०० च्या आसपास नावं लागतात. शिवाय नियमन, म्हणजे काही टक्के उत्तरपत्रिकांची वरिष्ठ परीक्षकाकडून फेरतपासणी. पाच टक्के म्हटलं तरी आणखी ८५,००० उत्तरपत्रिका.

ही बेरीज अजूनही फसवीच आहे, कारण परीक्षक एकमेकांच्या जागी चालत नाहीत. खर्च-लेखाचा पेपर इतिहासाचे प्राध्यापक तपासू शकत नाहीत. म्हणून गणित विषयवार करा. एका विषयाच्या ४८,००० उत्तरपत्रिका आणि मान्यताप्राप्त परीक्षक ५० असतील तर सगळे रोज आले तरी ३२ दिवस लागतात. ५० पैकी ३० आले तर ५३ दिवस. त्या एका विषयाने ४५ दिवसांची मर्यादा ओलांडली आणि तो विषय ज्या ज्या परीक्षेत आहे तिचा निकाल अडला. असे विषय शोधून काढणं हे नियोजनाचं पहिलं काम. ते अभ्यास मंडळांच्या अध्यक्षांना आणि अधिष्ठात्यांना (विद्याशाखांच्या प्रमुखांना) बसवून दोन दिवसांत होतं. निविदेच्या आधी ते करायचं असतं. साधारणपणे ते निविदेनंतर, तेही झालंच तर, होतं.

आता कागदाची बाजू. ४० पानी उत्तरपत्रिका म्हणजे २० पत्रं. १७ लाखांची ३ कोटी ४० लाख पत्रं स्कॅनरमधून जाणार. यंत्राच्या माहितीपत्रकात मिनिटाला शंभर पत्रं लिहिलेली असतात. प्रत्यक्षात शिवण कापणे, गठ्ठा सारखा करणे, अडकलेलं पान काढणे, पुसट आलेलं पुन्हा घेणे हे धरून तासाला दोन हजार हिशेबात घ्या. दोन पाळ्यांत १४ तास, ४० दिवस. एका यंत्राचे ११ लाख २० हजार होतात. म्हणजे ३१ यंत्रं अखंड चालू हवीत आणि चार-पाच राखीव. तेवढी वीज, तेवढी जागा, तेवढी प्रशिक्षित मुलं आणि त्यांच्यावर नजर ठेवणारे विद्यापीठाचे कर्मचारी, हे सगळं कुठल्या इमारतीत बसणार? निविदेत 'पुरेशी यंत्रसामग्री' असं लिहून चालत नाही, संख्या लिहावी लागते. पुरवठादार त्याच्या सोयीचा अर्थ लावतो आणि त्याला दोष देता येत नाही, कारण शब्द आपलेच असतात.

या साखळीतला सगळ्यात कच्चा दुवा परीक्षा केंद्रावरच्या ब्लॉकमध्ये, म्हणजे परीक्षेच्या खोलीत, असतो. मुख्य उत्तरपत्रिकेवर बारकोड असतो, पुरवणीवर वेगळा. विद्यार्थी पुरवणी दोऱ्याने बांधतो. पर्यवेक्षकाने मुख्य उत्तरपत्रिकेच्या पहिल्या पानावर पुरवणीचा क्रमांक आणि संख्या नोंदवायची असते. स्कॅनिंगच्या जागी दोरा कापला जातो, आणि तेवढी नोंद राहिलेली असेल तर ती पुरवणी अनाथ होते. परीक्षकाला पडद्यावर उत्तर अर्धवट दिसतं आणि तो त्यावरच गुण देतो. हजारात एक चूक म्हटली तरी १७ लाखांत १,७०० विद्यार्थी. त्यातला प्रत्येक जण पुनर्मूल्यांकनाला येणार, काही न्यायालयात जाणार. म्हणून पुरवण्या पूर्ण बंद करून मुख्य उत्तरपत्रिकाच जाड द्यायची, हा निर्णय पडद्यावरच्या तपासणीचं निम्मं ओझं हलकं करतो. पण तो घ्यायचा तर उत्तरपत्रिकांची छपाई सहा-आठ महिने आधी बदलायला हवी. जुना साठा केंद्रांवर पडून असतो आणि तो आधी वापरा असं लेखा विभाग सांगतो. हा वाद कुलगुरूंच्या टेबलावर ऑगस्टमध्ये यायला हवा. तो मार्चमध्ये आला तर काहीच उपयोग नाही.

दुसरी अशीच बारीक पण महागात पडणारी गोष्ट म्हणजे प्रश्नपत्रिकेची गुणरचना. 'खालीलपैकी कोणतेही तीन सोडवा' असं असेल आणि विद्यार्थ्याने पाच सोडवले तर कोणते तीन धरायचे? कागदावर परीक्षक हे डोक्याने करतो. प्रणालीत ते प्रत्येक प्रश्नपत्रिकेसाठी आधी भरावं लागतं, उपप्रश्नांच्या कमाल गुणांसकट. प्रश्नपत्रिका तर गोपनीय. मग रचना भरणार कोण आणि कधी? उपाय एकच: विषयवार प्रश्नपत्रिकेचा साचा अभ्यास मंडळाकडून आधी पक्का करून घ्यायचा आणि पेपर काढणाऱ्याला त्याच्या बाहेर जाऊ द्यायचं नाही. साचा बदलणं हे विद्या परिषदेचं काम आहे, तिच्या बैठका मोजक्या होतात, म्हणजे पुन्हा तारीख मागे गेली.

आता हे सगळं उलटं मोजा. उन्हाळी सत्रात सर्व विद्याशाखांत करायचं तर आधीच्या हिवाळी सत्रात चाचणी झालेली हवी, म्हणजे पुरवठादार सप्टेंबरअखेर ठरलेला हवा. निविदेला लागणारा वेळ असा धरा: तांत्रिक अटी लिहायला तीन ते चार आठवडे, प्रसिद्धी, निविदापूर्व बैठक आणि त्यातून निघणारं शुद्धिपत्रक यांना तीन, प्रत्यक्ष प्रात्यक्षिकासह तांत्रिक लिफाफ्याची छाननी दोन, आर्थिक लिफाफा आणि खरेदी समिती एक ते दोन, करारनामा आणि कार्यारंभ आदेश दोन. वर चार आठवडे फेरनिविदेसाठी राखून ठेवा, कारण पहिल्या वेळी तीन पात्र निविदा आल्याच नाहीत असं सर्रास होतं. एकूण चार महिने. निवडणुकीची आचारसंहिता मध्ये आली तर आणखी. म्हणजे निविदेच्या अटींचं काम मेमध्ये सुरू हवं आणि त्यासाठीची तरतूद त्याच वर्षीच्या मार्चमध्ये अधिसभेने (सिनेटने) मंजूर केलेल्या अंदाजपत्रकात दिसायला हवी. ती तिथे दिसायची तर वित्त व लेखा समितीपुढे डिसेंबर-जानेवारीत जायला हवी. थोडक्यात, येत्या उन्हाळ्याचा निर्णय गेल्या हिवाळ्यातच घ्यायचा होता. तुमच्याकडे 'पुढच्या उन्हाळी सत्रापासून' असं ठरलं आहे आणि मान्यता आत्ता मिळाली आहे, तेव्हा आजची तारीख या कोष्टकात कुठे पडते ते आधी बघा.

पैशाबाबत एक वेगळी अडचण असते. उन्हाळी परीक्षा ३१ मार्चच्या दोन्ही बाजूंना पसरलेली असते. करार एका आर्थिक वर्षात, काम दोन्ही वर्षांत, देयक बहुतेक दुसऱ्यात. मार्चअखेर खर्च न झालेली तरतूद व्यपगत, म्हणजे रद्द, झाली आणि नव्या वर्षात ते लेखाशीर्षच ठेवलं नव्हतं, असं झालं की जूनमध्ये पुनर्विनियोजनाची, म्हणजे दुसऱ्या खात्यातली रक्कम इकडे वळवण्याची, फाईल फिरते आणि पुरवठादार काम संथ करतो. त्यामुळे दोन्ही वर्षांच्या अंदाजात रक्कम दाखवा. वेतन निधी, विकास निधी, सर्वसाधारण निधी यांपैकी खर्च कुठून, हेही प्रस्तावातच लिहा. 'विद्यापीठ निधीतून' हे मोघम उत्तर लेखापरीक्षणात आक्षेप होऊन तीन वर्षांनी परत येतं, तेव्हा सही करणारे निवृत्त झालेले असतात.

कोणता विषय कुणाकडे, हा क्रमही नीट लावा. परीक्षा पद्धतीतला बदल आधी परीक्षा व मूल्यमापन मंडळाकडे. प्रणाली, सर्व्हर, विदेची (डेटाची) मालकी हे माहिती तंत्रज्ञान मंडळाकडे. साचा आणि मूल्यमापनाचे शैक्षणिक नियम विद्या परिषदेकडे. खर्च वित्त व लेखा समितीकडे. हे चारही हातात आल्यावर व्यवस्थापन परिषद. बहुतेक ठिकाणी क्रम उलटा होतो: परिषदेत आधी मान्यता आणि मग बाकीच्या मंडळांकडे 'माहितीसाठी'. त्या मंडळांवर बसलेली माणसंच उद्या परीक्षक जमवणार असतात. ज्यांना विचारलं नाही ती माणसं विरोध करत नाहीत. ती फक्त येत नाहीत, आणि तुमच्या २,२६७ चे १,४०० होतात.

परिषदेसमोर जाणारी टिप्पणी दीड पानाची असावी. त्यात काय ठरवायचं आहे, कोणत्या तारखेपर्यंत, किती खर्च आणि कोणत्या लेखाशीर्षातून, पर्याय कोणते, जबाबदार अधिकारी कोण, आणि माघार घ्यायची तारीख कोणती, एवढं हवं. पर्यायांत 'सध्याची पद्धत चालू ठेवणे' हा पर्याय त्याच्या खर्चासकट असायलाच हवा. नाहीतर परिषदेला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं आणि नाही म्हणायला कुणाला आवडत नाही. वीस पानांची जोडपत्रं जोडा हवं तर, पण ती कुणी वाचणार नाही हे धरूनच दीड पान लिहा. आणि हा विषय आयत्या वेळच्या विषयांत कधीही आणू नका. सायंकाळी साडेपाचला, चहा झाल्यावर, सदस्य गाड्यांची चौकशी करत असताना आलेला विषय मंजूर होतो खरा, पण दोन महिन्यांनी 'आम्हाला कागद मिळाले नव्हते' हे वाक्य वर्तमानपत्रात येतं, आणि ते खरंच असतं.

ठरावाची भाषा हा माझा जुना रागाचा विषय आहे. नेहमीचा ठराव असा असतो: 'सदर विषयावर साधकबाधक चर्चा होऊन प्रस्तावास तत्त्वतः मान्यता देण्यात आली. पुढील कार्यवाहीचे सर्व अधिकार मा. कुलगुरू यांना देण्यात आले.' यात आकडा नाही, तारीख नाही, मर्यादा नाही. कुलगुरूंना हे वाक्य सोयीचं वाटतं, प्रत्यक्षात तो सापळा आहे. यश आलं तर ठराव परिषदेचा आणि फसलं तर 'सर्व अधिकार त्यांनाच दिले होते.' त्याऐवजी असं लिहून घ्या: 'हिवाळी सत्रात विधी व व्यवस्थापन वगळून पदव्युत्तर परीक्षांच्या जास्तीत जास्त ४०,००० उत्तरपत्रिकांचे मूल्यमापन पडद्यावर करण्यास, त्यासाठी अमुक लेखाशीर्षाखाली अमुक रकमेपर्यंतच्या खर्चास मान्यता. चाचणीचा अहवाल संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांनी १५ जानेवारीपर्यंत सादर करावा. अहवालावर निर्णय होईपर्यंत उन्हाळी सत्रास ही पद्धत लागू होणार नाही.' शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसलं तर चाचणी म्हणजे निव्वळ सोपस्कार. निकाल काहीही येवो, गाडी पुढे जाणारच. इतिवृत्त पुढच्या बैठकीत कायम होतं, तोवर थांबायला वेळ नसेल तर 'इतिवृत्त कायम होण्याच्या अधीन राहून' असा शेरा घालून ठरावाचा उतारा संबंधित विभागांना आठवड्याच्या आत पाठवा. उतारा न मिळाल्याने महिना गेला, हे कारण दिसायला हास्यास्पद आहे पण फार वेळा खरं असतं.

वेळ कमी पडला की नजर त्याच अधिनियमाच्या कलम १२(७) कडे जाते. तातडीची कारवाई आवश्यक असलेली आणीबाणीची परिस्थिती आहे असं मानायला वाजवी कारणं असतील तर कुलगुरू ती कारवाई करू शकतात, आणि कारणं व केलेली कारवाई ज्या प्राधिकरणाने एरवी तो विषय हाताळला असता त्याला लवकरात लवकर लेखी कळवायची असते. पूर येऊन परीक्षा केंद्रात पाणी शिरलं, ही आणीबाणी. परीक्षा एप्रिलमध्ये आहे हे वर्षभर वेळापत्रकात छापलेलं असताना मार्चमध्ये निविदेविना काम देणं, ही आणीबाणी नाही. असा वापर केलेल्या फायली कार्योत्तर मंजुरीला आल्या की परिषद मंजुरी देतेही, पण त्याने लेखाआक्षेप मिटत नाही. वर्षाच्या शेवटी कुलसचिवांनी १२(७) खाली घेतलेल्या निर्णयांची यादी काढावी आणि त्यातले किती निर्णय दोन महिने आधी दिसत होते ते मोजावं. विद्यापीठाचं नियोजन कसं चाललं आहे याचा इतका स्वस्त मापक दुसरा नाही.

बृहत् आराखड्याचं इथे फारसं काम नाही. तो पाच वर्षांचा, कलम १०७ खालचा, आणि नवी महाविद्यालयं व अभ्यासक्रम कुठे हवेत यासाठी. फक्त एक संबंध आहे: आराखड्याने संलग्न महाविद्यालयं वाढवली की तीन वर्षांनी अंतिम वर्षाच्या उत्तरपत्रिका वाढतात. विनाअनुदानित तुकड्यांमध्ये मान्यताप्राप्त शिक्षकच नसतील तर परीक्षकांच्या यादीत एकही नाव वाढत नाही. अधिष्ठाता मंडळाने नव्या महाविद्यालयांची शिफारस करताना परीक्षा विभागाला एक ओळ विचारली तरी पुष्कळ.

करारातल्या तीन गोष्टी सोडू नका. पहिली, देयक स्कॅन केलेल्या पानांवर नव्हे, जाहीर झालेल्या निकालांवर बांधा, निदान मोठा हप्ता तरी. दुसरी, स्कॅन केलेल्या प्रतिमा आणि गुणांची विदा विद्यापीठाच्या मालकीची, रोज रात्री विद्यापीठाच्या सर्व्हरवर प्रत. पानाच्या एका बाजूला १०० किलोबाइट धरले तर १७ लाख उत्तरपत्रिकांचे ६.८ टेराबाइट होतात. हे काही अवघड नाही, पण लिहिलेलं नसेल तर वादाच्या वेळी विदा समोरच्याकडे ओलीस राहते. तिसरी, करार संपताना काय काय परत द्यायचं याची यादी. सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या निकालानंतर विद्यार्थ्याला माहिती अधिकारात तपासलेली उत्तरपत्रिका पाहता येते, त्यामुळे प्रतिमा सापडत नाही हे उत्तर टिकत नाही.

तपासणी सुरू झाली की रोजचा अहवाल एका पानाचा हवा आणि तो परीक्षावार हवा. एकूण टक्केवारी मागू नका. ४७७ परीक्षांमधल्या ९० टक्के उत्तरपत्रिका तपासून झाल्या, हे ऐकायला छान वाटतं. पण उरलेले १० टक्के सगळ्या परीक्षांत थोडे थोडे पसरले असतील तर एकही निकाल लावता येत नाही. अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्याचे सहा पेपर असतात आणि सहावा अडला की पाच तपासल्याचा उपयोग शून्य. म्हणून रकाने असे ठेवा: परीक्षेचं नाव, अपेक्षित उत्तरपत्रिका (हजेरीपटावरून), आलेल्या, स्कॅन झालेल्या, तपासलेल्या, नियमन झालेल्या, अडलेल्या आणि का. अपेक्षित आणि आलेल्या यांतला फरक पहिल्याच आठवड्यात मिटवा. हरवलेला गठ्ठा तिसऱ्या दिवशी केंद्राच्या कपाटात सापडतो, चाळिसाव्या दिवशी सापडत नाही. हा अहवाल प्र-कुलगुरूंनी सकाळी पंधरा मिनिटांत बघावा. कुलगुरूंनी रोज त्यात बसू नये. त्यांच्यापर्यंत फक्त 'अडलेल्या आणि का' हा रकाना जावा, आणि तोही प्राचार्यांना फोन करून परीक्षक सोडवून घेण्यासाठी. तो फोन उपकुलसचिवांनी केला तर 'बघतो' असं उत्तर येतं.

माघारीची तारीख हा सगळ्यात अप्रिय भाग. पडद्यावरची तपासणी रखडली तर उरलेल्या उत्तरपत्रिका जुन्या पद्धतीने मध्यवर्ती मूल्यांकन केंद्रात कागदावर तपासायच्या, हे आधीच ठरलेलं हवं. अडचण अशी की शिवण कापलेली उत्तरपत्रिका म्हणजे सुटी पानं. ती कागदावर तपासायला द्यायची म्हणजे एक पान गळालं तर संपलंच. त्यामुळे एकदम सगळं कापू नका. विषयवार कापा, आणि ज्या विषयाचे परीक्षक हजर झाले नाहीत त्याचे गठ्ठे सीलबंदच ठेवा. मूल्यांकन केंद्रांच्या जागा, समन्वयक आणि लाल शाईची पेनंसुद्धा पहिल्या वर्षी पूर्वीसारखीच तयार ठेवा. दुहेरी खर्च होतो म्हणून लेखा अधिकारी कुरकुरतील. तो खर्च टिप्पणीत आधीच दाखवला असेल तर कुरकुर तिथेच संपते.

आता तुमच्या प्रश्नाचा न विचारलेला भाग. परीक्षा तीन महिन्यांवर आहे, निविदा निघालेली नाही आणि बातमी वर्तमानपत्रात येऊन गेली आहे, अशी स्थिती असेल तर सर्वत्र लागू करू नका. विद्यापीठाच्या स्वतःच्या विभागांतले पदव्युत्तर विषय घ्या, जिथे विद्यार्थी, परीक्षक आणि संगणक कक्ष एकाच आवारात आहेत. पाच-सात हजार उत्तरपत्रिका पुरे. वाणिज्य तृतीय वर्ष आणि विधी यांना हातही लावू नका. पहिल्यात संख्या मोठी, दुसऱ्यात परीक्षक थोडे. पुढच्या व्यवस्थापन परिषदेत 'तत्त्वतः दिलेल्या मान्यतेची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने, पहिला टप्पा विद्यापीठ विभागांपुरता' असा सुधारित ठराव नियमित विषयपत्रिकेत आणा. त्यात कुणाची नाचक्की नाही, 'टप्प्याटप्प्याने' हा शब्द त्यासाठीच जन्माला आला आहे. ठराव होताच दुसऱ्या दिवशी सगळ्या महाविद्यालयांना परिपत्रक जाऊ द्या की उन्हाळी सत्राची तपासणी पूर्वीच्याच पद्धतीने होईल आणि परीक्षकांच्या याद्या अमुक तारखेपर्यंत हव्यात. त्यावर सही कुलसचिवांची नको, संचालक, परीक्षा व मूल्यमापन मंडळ यांची असावी. परीक्षेच्या कामाला प्राचार्य त्याच सहीचा कागद शोधतात.